तलावाखालच्या दोन बांध्या

मागच्या महिन्यात गोंदियाहून एक जण आला होता. चांगल्या घरचा, शिकलेला. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "भाऊ, आपको ये शांति का रास्ता मिला कैसे?" मी म्हणालो, "चुकून." तो गोड हसला आणि मान डोलावली. त्याला वाटलं, काय हा नम्रपणा! आणि मला असा राग आला म्हणून सांगू. राग आला की माझी कानशिलाची शीर उडते, ती तेव्हाही उडत होती. पण आता ती कोणाला दिसत नाही. लोकांनी तिकडं बघायचंच सोडून दिलं आहे.

म्हणून हे लिहून राहिलो. मी खरोखर शांत झालो की नुसता सापडलो, याचा मलाच पत्ता लागत नाही. लिहिता लिहिता लागला तर बरं, नाही लागला तर राहिलं.

आमचं गाव कामठ्याच्या रस्त्यावर. धानाचं गाव. आमच्याकडे शेत एकसलग नसतं, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेले लहानमोठे तुकडे असतात, पाणी अडून राहावं म्हणून. त्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. बाप गेला, वाटणी झाली आणि गावतलावाच्या मातीच्या पाळीखालच्या दोन बांध्या माझ्या लहान भावाच्या वाट्याला गेल्या. गावातला सगळ्यात चांगला चिखल त्या दोन बांध्यांचा. तलावाचं पहिलं पाणी त्यांनाच. माझं म्हणणं होतं की शेवटच्या दुखण्यात बापाने मला जवळ बोलावून सांगितलं, "त्या दोन तुह्या." ऐकायला मी एकटाच होतो. भाऊ म्हणाला, "बाप शेवटी शेवटी चहाले पन पानी म्हने. त्याचं काय धरतेस?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो चाळीस वर्षांचा होता, मी त्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.

बोलत नव्हतो म्हणजे भांडत नव्हतो असं नाही. माझी बांधी त्याच्या बांधीला लागून. मधे एक धुरा. दर उन्हाळ्यात मी माझ्या बाजूने फावड्याने तो धुरा वीतभर तासायचो, तो त्याच्या बाजूने माती चढवायचा. धुऱ्यावर त्याने तूर लावली, मी उपटली. त्याने पुन्हा लावली. गावात माझी ओळख म्हणजे, ह्याच्या तोंडी लागू नका. ग्रामपंचायतीत खुर्ची फेकलेली, रेशनच्या दुकानात तराजू उलटा केलेला. हे मोठेपणाने सांगत नाही, कोण होतो ते माहीत असावं म्हणून सांगतो.

दोन वर्षांमागे आषाढात भावाची मोटारसायकल मुर्रीच्या वळणावर घसरली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गोंदियावरून त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं, भावजयही सोबत गेली. पोरीचं लग्न झालेलं, घराला कुलूप. गावात बातमी आली तेव्हा मी गाईंना चारा टाकत होतो. माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगतो, कारण खोटं सांगितल्यामुळेच हे सगळं झालं. अरे माझा भाऊ, असं काही नाही आलं. मनात आलं, दोन बांध्या रिकाम्या पडल्या.

ज्याने रोवलं त्याने कापावं, असं आमच्याकडे लोक मानतात. कायद्यात ते बसत नाही, पण एकदा तुमचं धान उभं राहिलं की समोरच्याला तलाठ्यापासून कोर्टापर्यंत चकरा. मी मनात मांडे खाल्ले. या वर्षी रोवायचं, कापायचं, मग काय करायचं ते कर म्हणावं.

रोवणीचा, म्हणजे धानाच्या लावणीचा दिवस आला. ट्रॅक्टरवाला माझ्या बांधीत चिखल करत होता. तो धुऱ्याशी आला तसा मी पुढं होऊन फावड्याने धुरा फोडायला लागलो. दोन-चार ढेकळं नाही हो, पुरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. त्याने ट्रॅक्टर थांबवला.

"भाऊ, ह्या पन का?"

"हो, ह्या पन. कायले इचारतेस?"

त्याने ट्रॅक्टर सरळ भावाच्या बांधीत घातला. मागून रोवणीच्या बाया माझे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, डोक्यावर घेऊन आल्या, चौदा-पंधरा जणी. त्यांची मुकादम आमच्याच गावची म्हातारी, जिभेने तिखट. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गा, हे तं लाहान्याच्या बांध्या होत ना?"

"मालूम आहे मले. लावा."

"तुह्या पऱ्ह्यानं?"

"माह्याच पऱ्ह्यानं. मले शिकवू नोको."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही गावभर बोंबलणार. तिने कोपराने डोळे पुसले. मला वाटलं चिखल उडाला. मग ती खाली वाकली, गाणं सुरू केलं आणि बाकीच्या बाया रोवायला लागल्या. ट्रॅक्टरवाला बांधाच्या कडेला बसून मोबाईलवर काहीतरी करत होता. मी फावड्याने धुऱ्याची उरलेली माती ओढून सपाट करत होतो. दुपारपर्यंत दोन्ही बांध्या हिरव्या झाल्या.

आमच्या गावात दिवस मावळताना मारुतीच्या देवळापुढं प्रार्थना होते. चटया टाकून लोक रांगेत बसतात, आधी पाच मिनिटं डोळे मिटून गप्प, मग प्रार्थना, मग एक जण गावाच्या कामाचं दोन शब्द बोलतो. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी ते सगळं चालवतात. मी कधी गेलो नव्हतो. पण भोंगा आमच्याच घराकडं तोंड करून लावलेला, त्यामुळं ऐकावं लागायचं. त्या सांजेला मी ओसरीत चहा पिऊन राहिलो होतो आणि गुरुजी बोलत होते, "आज आपल्या गावात रामलक्ष्मणाची जोडी दिसली. भाऊ दवाखान्यात आहे, त्याचं शेत पडून आहे, हे मोठ्या भावाला पाहवलं नाही. अकरा वर्षांचं वैर विसरून त्यानं स्वतःच्या पऱ्ह्यानं भावाची बांधी रोवली. आणि नुसती रोवली नाही, मधला धुराच फोडून टाकला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकोला विचारलं, "कोन आहे बा हा येडा?"

बायको तांदूळ निवडत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "तुमीच."

तिला सगळं माहीत होतं. सकाळी फावडा खांद्यावर टाकून निघालो तेव्हा मी तिला म्हणालो होतो, आज ताबाच घेतो. ती म्हणाली, "आता जा अन् सांगा तिथं, मी चोरी कराले गेलो होतो म्हनून." मी उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो. समोरून चार लोक प्रार्थनेवरून परत येत होते. त्यातल्या एकाशी माझी दहा वर्षांपासून कोर्टात केस आहे. त्याने मला बघून हात जोडले. मी परत येऊन बसलो. करायला गेलो काय आणि झालं काय!

आठ वाजेपर्यंत ट्रॅक्टरवाल्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता. बाया वाकून रोवत आहेत, गाणं चालू आहे आणि मागं मी फावड्याने धुरा तोडतो आहे. खाली फुलं, जोडलेले हात, कोणी लिहिलेलं, "धुरा मनातला फुटला." सगळी धान पिकवणारी माणसं, सगळ्यांना माहीत की धुरा कोण आणि कायले फोडतो. पण एकालाही संशय आला नाही. की आला होता आणि त्यांनी ठरवलं की आपण चांगलंच समजायचं? मला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहर. दारात अठरा माणसं उभी. "चला भाऊ, लाहान्याच्या बाकीच्या बांध्या पन लावून टाकू. त्याचे पऱ्हे वाळून राहिले." मुकादम म्हातारी म्हणाली, आजची अर्धी रोजी आमची नको. आता मी नाही कसा म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दिवसभर मी भावाच्या शेतात कमरेत वाकून रोवत होतो आणि आतल्या आत प्रत्येकाला शिव्या घालत होतो. त्याचे पऱ्हे त्याच्या बांधीत लावताना मला वाटत होतं की मी माझं घर दुसऱ्याला शाकारून देतो आहे. संध्याकाळी पाठ सरळ होईना. पण झोप मात्र अशी लागली की बायकोने सकाळी हलवून उठवलं.

चार दिवसांनी भावजय कपडे न्यायला नागपूरवरून आली. अकरा वर्षांत तिने आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. आमच्या घरात जुनी रीत आहे, लहान भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही, त्याच्या सावलीतही उभी राहत नाही. ती दाराशी डोक्यावर पदर ओढून उभी राहिली, तोंड माझ्या बायकोकडं.

"बाई, त्यायले सांगा. पऱ्हे वाळतीन म्हनून मले रातभर झोप नोयती."

मी पेपर तोंडासमोर धरून बसलेलो.

"अन् सांगा, हे तो व्हिडिओ पाहून रडले. लगित रडले. बोलले काहीच नाही."

मग तिने जमिनीला हात लावून माझ्या दिशेने नमस्कार केला. मला त्या पेपरमध्ये अक्षर दिसेना. जन्मात पहिल्यांदा वाटलं की धरतीनं पोटात घ्यावं. ती गेल्यावर बायको म्हणाली, "महाराज, चहा ठेवू का?" तेव्हापासून घरात मी महाराज. भाजीत मीठ कमी पडलं आणि मी ओरडलो की ती म्हणायची, "महाराजायले राग शोभत नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

प्रार्थनेला मला गुरुजी हाताला धरून घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसवलं. डोळे मिटले की मला फक्त त्या दोन बांध्या दिसायच्या. पाणी किती आहे, गादमाशीची कीड आली का, युरिया कधी टाकायचा. लोकांना वाटायचं माणूस ध्यानात गेला. गेलो होतो, पण शेतात. पंधरा-वीस दिवस असंच चाललं. मग एक दिवस डोळे मिटले आणि काहीच दिसलं नाही. बांध्या नाहीत, भाऊ नाही, राग नाही. प्रार्थना कधी सुरू झाली, कधी संपली, कळलं नाही. शेजारच्याने खांद्याला हात लावला तेव्हा जाग आली. मी घाबरून घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "माहं बीपी तपासाले पायजे." दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन तपासलंसुद्धा. डॉक्टर म्हणाला, "सब नॉर्मल है, चाचा. पहले से अच्छा है." आता याचा काय अर्थ लावायचा? चोरी केलेल्या माणसाचं बीपी सुधारतं का?

मग श्रावणाच्या शेवटी पाऊस गेला तो गेलाच. तलाव अर्धा. गावाची बैठक झाली, तलावाचं पाणी कोणी वाटायचं? आमच्याकडे त्यासाठी एक माणूस ठरवतात, त्याला पाणकर म्हणतात. तो म्हणेल त्या क्रमाने बांध्यांना पाणी जातं आणि त्याच्याशी कोणी वाद घालायचा नाही. गुरुजींनी माझं नाव काढलं. "ज्याला स्वतःचा धुरा नाही, त्यानंच पाणी वाटावं." सगळ्यांनी हो म्हटलं. मी म्हणालो, "गुरुजी, माहं ऐका जरा," तर ते म्हणाले, "नाही म्हनू नका."

रीत अशी की पाळीखालच्या बांध्यांना आधी पाणी. म्हणजे आधी त्या दोन, मग माझ्या. कोणाची हरकत नसती. पण चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, पहिलं पाणी आपण घेतलं की कोणीतरी म्हणेल, बघा, म्हणून रोवल्या होत्या. म्हणून मी उलट सुरुवात केली. शेवटच्या टोकाच्या शेतापासून. नुसत्या भीतीपोटी. मी गावात चांगला म्हणून मिरवायला लागलो होतो आणि ते आता सुटेना, एवढंच त्यामागं होतं.

शेवटच्या टोकाला जंगलाला लागून एका गोंड म्हाताऱ्याची दीड एकर आहे. त्याच्या बांधीत तलावाचं पाणी पोचलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं, वरचेच सगळं पिऊन टाकायचे. मी सकाळपासून नाली मोकळी करत करत पाणी त्याच्यापर्यंत नेलं. पाणी त्याच्या भेगा पडलेल्या बांधीत शिरलं तसा तो उतरला, ओंजळ भरून पाणी डोळ्याला लावलं आणि हात जोडले. पाण्याला. माझ्याकडं त्याने पाहिलंही नाही, मी तिथं फावडा घेऊन उभा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! महिनाभर लोक माझ्या पाया पडत होते तेव्हा मी पाय मागं ओढायचो. इथं कोणी विचारलंही नाही आणि माझं मन भरून आलं. मी पाळीवर जाऊन बसलो. हे खरं असेल का, मी स्वतःलाच विचारलं. एका तासासाठी का होईना. उत्तर आलं नाही, डास आले, म्हणून उठलो.

त्या दोन बांध्यांना सगळ्यांत शेवटी पाणी दिलं. तरी धान असं आलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे.

दसऱ्याआधी भाऊ घरी आला. दोन कुबड्या, पायात लोखंडी पट्टी. मी भेटायला गेलो, जाणं भागच होतं, अख्खं गाव बघत होतं. तो ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पार वाळला होता. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बस." अकरा वर्षांनी त्याचा एक शब्द. भावजयीने आतून चहा पाठवला. आम्ही दोघं चहा प्यायलो. त्याने बांध्यांचं नाव काढलं नाही, मीही नाही. आभार मानेल म्हणून मी घाबरून बसलो होतो. त्याने मानले नाहीत. मी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. बस, चहा, गप्प. त्याची नजर माझ्यावरच. मला कळेना, हा काय बघून राहिला?

दिवाळी झाली. धान पिवळं पडलं, लोंब्या वाकल्या. बायको एक दिवस सकाळी म्हणाली, "आता बोला महाराज. ते धान कोनाच्या घरी येनार?"

हाच तो प्रश्न. आपल्या खळ्यावर आणलं तर चोरी पुरी झाली. भावाच्या घरी टाकलं तर मी जन्मभराचा देवमाणूस झालो, आणि तोही खोटा. त्यात त्या बांध्यांवरचा हक्कही गेला. आणि खरी लाज सांगू का? मला तो हक्क तेव्हाही पाहिजे होता. रोज प्रार्थना करून, पाणी वाटून, लोकांची भांडणं मिटवून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी नागऱ्याला जाऊन महादेवापुढं तासभर बसलो. पायऱ्यांवर एकाने ओळखून नमस्कार केला तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्याच दिवशी ठरवलं की सांगून टाकायचं. भावाला एकट्याला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून सगळ्यांसमोर.

त्या सांजेला प्रार्थना संपल्यावर मी उभा राहिलो. भाऊही आला होता, कडेला त्याची खुर्ची ठेवली होती. मी माईक घेतला.

"मी त्या बांध्या भावासाठी नाही रोवल्या," मी म्हणालो. "हडपाले रोवल्या. भाऊ दवाखान्यात पडला हे पाहून रोवल्या. धुरा फोडला तो ताबा घ्यासाठी. मी चोर आहे."

गुरुजींचे डोळे पाणावले. ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाले, "पाहा! एवढं करून स्वतःला चोर म्हणवून घेतो. यालाच म्हणतात अहंकार जाणं."

टाळ्या!

"अहो गुरुजी, मी खरं बोलून राहिलो! हडपाले गेलो होतो मी!"

लोक मायेने हसले. मुकादम म्हातारी रांगेतून ओरडली, "राहू दे ना भाऊ, आमाले नाही मालूम का तू कसा आहेस ते?" मग मला असा राग चढला की माझ्या तोंडून देवळापुढं एक शिवी निघाली, मोठी, जुनी, बापाची आवडती. त्यावरही कोणी रागावलं नाही. गुरुजींनी शांतिपाठ सुरू केला. मी माईक ठेवला आणि वेड्यासारखा उभा राहिलो. इतक्या माणसांत एकच जण हसत नव्हता. भाऊ कुबड्या जवळ ओढून खाली बघत होता. मग भावजयीने त्याला उठवलं आणि ते गेले.

सकाळी मी त्या बांध्यांवर गेलो. कुठं जाणार दुसरीकडं? थोड्या वेळाने रस्त्यावर ऑटो थांबला. भाऊ उतरला. कुबड्या टेकत, घसरत, पाळीवरून हळूहळू माझ्यापर्यंत आला. मी हात द्यायला पुढं झालो, त्याने कुबडीने बाजूला सारलं. दम खात उभा राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय?"

"व्हिडिओत दिसलं. दुसऱ्याची बांधी लावनारा धुरा फोडत नाही बे. पानीच राहत नाही बराबर. धुरा कोन फोडते? ज्याले दोन्हीची एक करायची आहे तो."

चार महिने! चार महिने ह्याला माहीत होतं, आणि दसऱ्यापासून हा मला चहा पाजून माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मग बोलला काऊन नाहीस? गुरुजीले सांगाचं होतं, पोलिसात जाचं होतं!"

त्याने पाळीवर बसायला जागा पाहिली, पाय वाकत नव्हता, म्हणून उभाच राहिला.

"मी रडलो ते त्याच्यासाठी. भाऊ माहा पाय मोडलेला पाहून जमीन घ्याले गेला म्हनून," तो म्हणाला. "मग बाजूच्या खाटेवरच्यानं इचारलं, काय झालं. मी त्याले व्हिडिओ दाखवला. तो म्हने, कोन आहे हा? मी म्हनलं, माहा मोठा भाऊ. मी इथं पडलो म्हनून माहं शेत लावून राहिला." तो धानाकडं बघत म्हणाला, "मग सगळ्या वार्डात दाखवला. नर्सले, डॉक्टरले. रोज कोनी तरी नवा पेशंट येई, त्याले पन. अकरा वर्षात मले कोनाले सांगाले भाऊ नोयता. खोटा तं खोटा, पन सांगाले होता."

मी खाली बसलो. ओल्या मातीत, बसकन. साठीला आलेला माणूस मी, बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो. त्या सकाळी तोंड उघडून, आवाज काढून रडलो. त्याने मला उठवलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. खरंच सांगतो, ठेवला असता तर मी तिथून पळून गेलो असतो.

मग त्याने कुबडीचं टोक माझ्या पायाला लावलं.

"उठ आता. मानसं लावून कापून टाक, पाखरं खाऊन राहिले. बांधी माही, धान माह्या घरी येईन. पऱ्हे तुहे होते, तं तनस तू ने."

"तनस?" मी नाक पुसत विचारलं. तनस म्हणजे धान झोडपल्यावर उरलेला पेंढा, गाईंचा चारा.

"मग काय धान पायजे का तुले? चोट्टा कुठचा."

चार महिन्यांत मला कोणी बरोबर नावाने हाक मारली नव्हती. ती त्याने मारली. मी उठलो आणि माणसं सांगायला गावाकडं निघालो. तो मागून ओरडला, "अन् कापनी झाली का धुरा घाल पयले!"

"कुठून घालू?" मी ओरडून विचारलं.

त्याने कुबडी उचलून दाखवलं, पण ती हवेत इकडून तिकडं हलत राहिली. इतकी वर्षं मी तासत होतो, तो चढवत होता. मूळ जागा त्यालाही सांगता येईना.